ठेवून दिलेली पेटी

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ‘दर महिन्याला एक चरित्र’ या उपक्रमात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. चारचौघींपुढे उभी राहण्याचा प्रसंग आजवर आला तो उखाणा घेण्यापुरता. म्हणून चिटणीसबाईंनी “या महिन्याचे चरित्र तुम्ही सांगा” असे म्हटले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. या जागी सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या, डॉक्टर आनंदीबाई जोशी झाल्या. त्यांच्या पंगतीला मी कोणाला आणून बसवणार?

पण आमच्या घरात गेले सहा महिने एक बाई रोज गात होत्या. माझी मुलगी संध्याकाळी स्वयंपाकघरात हाताखाली येते, तेव्हा मोबाइलवर त्यांची गाणी लावते. गाणी इंग्रजी, मला शब्द कळत नाहीत. एके दिवशी मात्र पोळी लाटता लाटता माझा हात थांबला. पियानो वाजत होता, आणि एक बाई अगदी साध्या आवाजात, कसलीही तान न घेता, शेजारी बसून बोलावे तशी गात होती. मी विचारले, “ही कोण ग?” मुलगी म्हणाली, “आई, ही ख्रिस्टीन मॅक्व्ही. गाणे तिचेच, चालही तिचीच, आणि पियानोही तीच वाजवते आहे.” पुढे मुलीने त्यांच्या मुलाखती मला वाचून मराठीत सांगितल्या आणि मी त्या वहीत उतरवून घेतल्या. त्या वहीतले आज सांगते. सांगण्यात माझा एक स्वार्थ आहे, तो शेवटी कळेल.

ख्रिस्टीनबाईंचा जन्म १२ जुलै १९४३ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातल्या बाउथ नावाच्या खेड्यात झाला. बालपण गेले बर्मिंगहॅम शहराजवळ. त्यांचे माहेरचे आडनाव ‘परफेक्ट’, म्हणजे ज्यात काही उणे नाही असे. “लग्न होईपर्यंत मी परफेक्ट होते,” असे त्या पुढे गमतीने म्हणत. हसू नका, आपल्यापैकी पुष्कळजणी हेच म्हणतील, आडनाव काहीही असो!

घरात गाणे पिढीजात होते. आजोबा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबे या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. वडील व्हायोलिन वाजवीत आणि कॉलेजात संगीत शिकवीत. मुलीला चार वर्षांची असताना पियानोसमोर बसवले, पण नीट शिक्षण सुरू झाले अकराव्या वर्षी. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांचे सगळे शिक्षण शास्त्रीय पद्धतीचे. मग थोरल्या भावामुळे अमेरिकेतल्या फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यांचे पुस्तक घरात आले, आणि ख्रिस्टीनबाईंचे मन तिकडे वळले ते कायमचे. त्या संगीताला ‘ब्लूज’ म्हणतात. गुलामगिरी आणि गरिबी सोसलेल्या लोकांनी आपले दुःख चार ओळींत बांधून गावे, असा तो प्रकार. मुलीने हे समजावले तेव्हा मला जात्यावरच्या ओव्या आठवल्या. सासुरवास कोणाला सांगायचा? जात्याला सांगायचा. तसेच हे.

मात्र गाणे हा धंदा होईल असे त्यांना वाटले नव्हते. चित्रकला-शिक्षिका व्हावे म्हणून बर्मिंगहॅमच्या कलाशाळेत त्या पाच वर्षे मूर्तिकला शिकल्या. तेथे असतानाच गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांशी ओळख झाली आणि त्यांच्या बँडमध्ये त्या वाजवू लागल्या.

बँड म्हणजे वरातीपुढचा नव्हे बरे. चार-पाच जणांनी मिळून गाणे करायचे. एकाकडे गिटार, एकाकडे ढोल, एकाकडे पियानो. आपल्या भजनात एकीकडे टाळ, एकीकडे मृदंग, एकीकडे पेटी असते तसेच. फरक एवढाच, की आपण संतांचे अभंग म्हणतो आणि ते आपली गाणी आपणच रचतात.

शिक्षण संपले, बँड मोडला, हाती पैसा नाही. ख्रिस्टीनबाई लंडनला गेल्या आणि एका मोठ्या दुकानात काचेमागची मांडणी सजवण्याची नोकरी करू लागल्या. पाच वर्षे मूर्तिकला शिकून पुतळ्यांना कपडे नेसवायचे! १९६७ साली त्यांना कळले, की आपले जुने सोबती ‘चिकन शॅक’ या नावाचा नवा बँड काढत आहेत आणि त्यांना पियानो वाजवणारे कोणी हवे आहे. चिकन शॅक म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, की मला घ्या. कोणी बोलवायला आले नव्हते. हे मी वहीत खाली रेघ मारून ठेवले आहे.

त्या खुराड्यात बाई एकट्याच, बाकी सगळे पुरुष. काम पियानोचे आणि मागे सूर धरण्याचे. पण बँडची पहिली तबकडी निघाली तिच्यावरचे गाणे बाईंनी रचलेले आणि गायलेले होते. १९६८ मध्ये त्यांचे जॉन मॅक्व्ही यांच्याशी लग्न झाले. हे गृहस्थ ‘फ्लीटवूड मॅक’ या दुसऱ्या बँडमध्ये गिटारीचा खर्ज सांभाळीत. त्या बँडच्या नावातला ‘मॅक’ तो त्यांचाच. लग्न झाले, पण नवरा एका गावी वाजवतो आहे आणि बायको दुसऱ्या गावी. दोघांची भेट होईना. तेव्हा कोणी सोडले? भगिनींनो, हे सांगायलाच नको. १९६९ मध्ये ख्रिस्टीनबाईंनी चिकन शॅक सोडला आणि त्या घरी बसल्या.

आता दैवाची गंमत पाहा. बँडमध्ये असताना त्यांनी गायलेले एक गाणे त्याच वर्षी इंग्लंडभर गाजले, आणि ‘मेलडी मेकर’ नावाच्या संगीताच्या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्यांना वर्षातली उत्तम गायिका म्हणून निवडले. दुसऱ्या वर्षीही त्यांनाच. म्हणजे गाणे सोडून घरी बसल्यावर लोकांनी मत दिले! त्या भरात १९७० मध्ये ‘ख्रिस्टीन परफेक्ट’ या माहेरच्या नावाने त्यांची स्वतंत्र तबकडी निघाली. ती त्यांना स्वतःला फारशी आवडली नाही. एकटीने सगळ्यांच्या पुढे उभे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पियानोमागे बसावे आणि आजूबाजूला आपली माणसे असावीत, हे त्यांना मानवे.

त्याच वर्षी यजमानांच्या बँडमधला मुख्य गिटारवाला सोडून गेला. बँड अडचणीत आला. ख्रिस्टीनबाई घरातच होत्या, सगळी गाणी कानावरून गेलेली होती. नव्या तबकडीच्या वेष्टणावरचे चित्रही त्यांनीच काढले होते. ऑगस्ट १९७० मध्ये त्या फ्लीटवूड मॅकमध्ये दाखल झाल्या. सगळी मंडळी हॅम्पशायरमधल्या एका मोठ्या घरात बायकामुलांसह एकत्र राहत. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबासारखेच ते. त्यात रुसवेफुगवे असायचेच. चार वर्षांत कितीतरी माणसे आली आणि गेली. १९७४ मध्ये बँड अमेरिकेला गेला.

तेथे एक गोष्ट घडली, ती मला फार मोलाची वाटते. बँडला लिंडसे बकिंगहॅम नावाचा नवा गिटारवाला हवा होता. तो म्हणाला, “मी येईन, पण माझी जोडीदारीण स्टीव्ही निक्स हिच्यासह.” स्टीव्हीही गाणी रचणारी, गाणारी, दिसायला देखणी. बँडच्या पुरुषांनी निर्णय ख्रिस्टीनबाईंवर सोडला: तुमचे आणि तिचे जमणार असेल तरच घेऊ. एका खाणावळीत सगळे जेवायला बसले, दोघींची भेट झाली आणि बाईंनी होकार दिला. विचार करा, नुसते ‘नको’ म्हटले असते तर काम भागले असते. बँडमधल्या एकुलत्या एक गायिकेचा मान राहिला असता. पण त्यांनी दुसरीला आपल्या शेजारी जागा दिली. पुढे लोकांचे डोळे स्टीव्हीवर खिळत, ती पुढे उभी राही, आणि ख्रिस्टीनबाई बाजूला पियानोशी. त्यांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली.

१९७५ च्या तबकडीतली बाईंची गाणी अमेरिकेत गाजली. ती तबकडी बाजारात आल्यावर वर्षाहून अधिक काळाने तेथे पहिल्या क्रमांकावर पोचली. आणि ऐन त्या यशात घरे मोडली. १९७६ मध्ये जॉन आणि ख्रिस्टीन वेगळे झाले. लिंडसे आणि स्टीव्हीचे फाटले. ढोलवादक मिक फ्लीटवूड यांचाही संसार विस्कटला. पाच जण, पाचांची मने दुखावलेली, आणि रोज एका खोलीत बसून नवी तबकडी करायची. नवराबायको गाण्यापुरतेच एकमेकांशी बोलत.

आपल्याकडे असे झाले असते तर बाईने काय केले असते? माहेरी गेली असती, नाहीतर तोंड मिटून घेतले असते. ख्रिस्टीनबाई रोज कामावर गेल्या. त्या दिवसांत त्यांनी एक आनंदाचे गाणे रचले, ते नव्याने मनात आलेल्या माणसावर होते. जॉनने विचारले, हे कोणावर? त्या म्हणाल्या, माझ्या कुत्र्यावर! आणि त्याच गाण्यात खर्जाची गिटार वाजवली ती जॉननेच. दुसरे गाणे त्यांनी रचले ‘डोन्ट स्टॉप’. झाले त्याचा शोक न करता उद्याकडे बघावे, असा त्याचा आशय. ते कोणासाठी होते? ज्याला सोडले त्या जॉनसाठीच. मला यात मोठेपणा दिसतो. नाते तुटल्यावर शाप देणे सोपे असते. तू पुन्हा उभा राहशील असे म्हणणे अवघड असते.

आणि तिसरे गाणे तेच, ज्याने माझी पोळी थांबवली. त्याचे नाव ‘साँगबर्ड’, म्हणजे गाणारा पक्षी. मध्यरात्रीनंतर बाईंना जाग आली आणि अर्ध्या तासात शब्द, चाल सगळे तयार झाले. पण जवळ ध्वनिमुद्रणाचे साधन नाही. झोपले तर सकाळपर्यंत विसरेल! म्हणून त्या उजाडेपर्यंत जाग्या राहिल्या, तेच गाणे पुन्हा पुन्हा वाजवीत. लहान मूल तापाने फणफणले असता आपण रात्रभर उशाशी बसतो ना, तशा त्या आपल्या गाण्याशी बसल्या. पुढे बर्कली गावातल्या एका मोठ्या रिकाम्या सभागृहात रात्रीच्या शांततेत ते गाणे मुद्रित केले.

ही तबकडी म्हणजे ‘रूमर्स’. ती फेब्रुवारी १९७७ मध्ये निघाली. जगभर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि अमेरिकेतला ग्रॅमी हा मोठा मान तिला मिळाला. १९८८ मध्ये बँडने आपल्या निवडक गाण्यांचा संग्रह काढला, त्यातली आठ गाणी बाईंची होती. पुढे उभ्या राहणाऱ्यांचे फोटो छापून येत. बाजूला बसणारीची गाणी घरोघरी म्हटली जात. १९९२ मध्ये क्लिंटन साहेबांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात ‘डोन्ट स्टॉप’ हेच गाणे घेतले. मधल्या काळात, १९८४ मध्ये, त्यांनी दुसरी स्वतंत्र तबकडी काढली, तीही चांगली चालली. त्यातले एक गाणे अमेरिकेत पहिल्या दहांत आले. तरी बँड त्यांनी तोडला नाही. विशेष म्हणजे घटस्फोटानंतरही त्यांनी मॅक्व्ही हेच नाव ठेवले. त्या नावावर गाणी उभी होती. ते आता त्यांनी स्वतः मिळवलेले होते.

१९९० मध्ये त्या बँडबरोबर दौऱ्यावर असताना वडील वारले. ज्यांनी पियानोसमोर बसवले, त्यांच्या अखेरच्या वेळी आपण दूर, हे त्यांच्या जिवाला लागले. पुढे दौरे नकोत असे त्यांनी ठरवले. विमानाची भीती तर इतकी बसली, की विमानात पाय ठेववेना. १९९७ मध्ये एकदा सगळे पुन्हा जमले, पण दुसऱ्याच वर्षी बाईंनी बँड सोडला, अमेरिकेतले घर सोडले आणि इंग्लंडात केंट परगण्यातल्या एका खेड्यातल्या जुन्या घरात त्या राहू लागल्या. वय पंचावन्न. वाटले, आता खेड्यातली साधी बाई व्हावे, कुत्री पाळावी, केक भाजावे. एकदा घराजवळच्या कोठारात पुतण्याच्या मदतीने एक तबकडी केली, ती २००४ मध्ये निघाली; पण दौरा नाही, गाजावाजा नाही.

अशी पंधरा वर्षे गेली. आणि मग त्यांनी उघड कबूल केले, की खेड्यातली बाई व्हायचे हा आपला भ्रम होता, आणि आपल्याला ते नको होते हे कळायलाच पंधरा वर्षे लागली.

हे वाक्य मुलीने वाचले आणि मी तिला म्हटले, थांब, पुन्हा वाच.

घर करणे कमी आहे असे मी म्हणत नाही. मी घरच केले आहे आणि त्याची मला लाज नाही. पण एखादी गोष्ट आपण ‘आता पुरे’ म्हणून ठेवून देतो, ती खरोखर पुरे झालेली असते की नुसती ठेवलेली असते, हे आपले आपल्यालाही पुष्कळ वर्षे कळत नाही.

बाई डॉक्टरकडे गेल्या, भीती घालवायला. डॉक्टरने विचारले, विमानात बसता आले तर कोठे जाल? त्या म्हणाल्या, हवाई बेटांतल्या माउईला. डॉक्टर म्हणाला, मग तिकीट काढा. बसलेच पाहिजे असे नाही, नुसते काढा. त्यांनी काढले. जुने सोबती मिक फ्लीटवूड तेथेच राहत. ते तेव्हा लंडनला आले होते, त्यांच्याच सोबतीने बाई विमानात बसल्या. तेथे त्यांच्याबरोबर थोडे वाजवले. सप्टेंबर २०१३ मध्ये लंडनच्या कार्यक्रमात एका गाण्यापुरत्या जुन्या बँडबरोबर उभ्या राहिल्या. जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झाले, की ख्रिस्टीन मॅक्व्ही परत येत आहेत. आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात नवा दौरा सुरू झाला. तेव्हा त्यांना एकाहत्तरावे वर्ष लागून संपलेले होते. त्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या शेवटी त्या पियानोशी बसत आणि ‘साँगबर्ड’ म्हणत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्या वारल्या. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या स्वतंत्र गाण्यांचा संग्रह निघाला होता.

चरित्र संपले. आता माझा स्वार्थ.

आपल्या मंडळाच्या कपाटात, हळदीकुंकवाच्या तबकांच्या खाली, एक पेटी आहे. मंडळ नवे होते तेव्हा एका हौशी आजींनी ती दिली होती. मी सभासद झाले त्याला चौदा वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी ती उघडलेली पाहिली नाही. मागच्या बैठकीत ठराव आला, की पेटी कोणाला वाजवता येत नाही, जागा मात्र अडते, तेव्हा ती विकून खुर्च्या घ्याव्यात. ठरावाला विरोध झाला नाही. मीही हात वर केला.

भगिनींनो, मी खोटा हात वर केला. मला पेटी येते. माझे वडील गावच्या भजनात पेटी वाजवीत. शाळा सातवीत सुटली, पण पेटी सुटली नाही. दुपारी वडील शेतावर गेले की मी त्यांची पेटी काढून बसे. माझा आवाज काळी चारमध्ये बसतो, हे त्यांनीच सांगितले. लग्न झाले, पेटी माहेरी राहिली. सासरी कोणी ‘वाजवू नकोस’ असे म्हटले नाही. त्यांना ठाऊकच नव्हते, कारण मी सांगितले नाही. आधी संकोच होता, मग मुले झाली, मग आता कशाला असे झाले. पंचवीस वर्षे झाली. वडील गेल्यावर भावाने ती पेटी कोणाला तरी देऊन टाकली, हे मला वर्षाने कळले. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, वाढला, भांडी घासली आणि कोणाला काही बोलले नाही.

म्हणून आज बोलते. ख्रिस्टीनबाईंना पत्र लिहून ‘मला घ्या’ म्हणता आले, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. पुन्हा ‘मी येते’ म्हटले तेव्हा सत्तर. मी त्या दोहोंच्या मधली आहे. माझी विनंती एवढीच, की ठराव एक वर्ष पुढे ढकलावा. पेटीचा भाता बहुधा फाटला असेल, सूरही उतरले असतील. दुरुस्तीचा खर्च मी माझ्या बचतगटाच्या पैशांतून करीन. माझी बोटे जड झाली आहेत, पहिले काही दिवस तुम्हांला कानात बोटे घालावी लागतील. पण दर गुरुवारच्या भजनाला मी पेटीवर बसेन. मला पुढे बसायचे नाही. बाजूला बसेन, आणि सूर धरीन. आणखी कोणाला शिकायचे असेल तर जवळ यावे, दोघींना पुरेल एवढी जागा मी करीन.

वर्षभरात जमले नाही तर खुर्च्या घ्या. मग मी खरा हात वर करीन.

बोलण्यात चुकले असेल तर सांभाळून घ्या. 

— मंडळाची एक सभासद